कठड्यावरून घरी

अण्णांच्या जीपला रिव्हर्स गिअर नव्हता. कधीकाळी असणार, पण कुठल्याशा लिलावातून ती अण्णांकडे आली तोवर गेलेला होता, आणि तो दुरुस्त करून घ्यावा असं अण्णांना कधी वाटलं नाही. "मागं जायचंच कशाला?" असं ते विचारायचे आणि आपण फार मोठं काही बोलून गेलो अशा चेहऱ्याने स्टार्टर मारायचे. त्यामुळे आमच्या रविवारच्या सगळ्या सहली गोल असायच्या. रोह्याहून निघायचं, नागोठणे, वडखळ, पेण करत जित्यापर्यंत जायचं, तिथल्या मोकळ्या शेतात एक मोठी गिरकी घ्यायची आणि परतताना पोयनाड, रेवदंड्याकडून खाडीच्या कडेने रोह्यात यायचं. पेट्रोल जास्त जायचं, पण अर्धा रायगड जिल्हा मी त्या एका नादुरुस्त गिअरमुळे पाहिला.

परवा माझा भाचा सांगत होता की तो आणि त्याचे मित्र शनिवार-रविवारी गाडी काढून लांब लांब जातात आणि हाताने बनवलेली बिअर जिथे मिळते तिथे थांबून चव घेतात. ह्या टाकीतली कडू, त्या टाकीतली फळाच्या वासाची, वगैरे. फार नवीन काहीतरी आपण शोधून काढलंय असा त्याचा आव होता. मी नुसता ऐकत राहिलो. नव्वदच्या दशकात आम्ही हेच करत होतो, फक्त आमची टाकी झाडाच्या शेंड्यावर असायची आणि ती उतरेपर्यंत खाली मान वर करून उभं राहावं लागायचं.

अण्णा आमच्या केमिकल कंपनीत प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मी अकाउंट्समध्ये. मी लातूरचा, खाडी म्हणजे काय ते नोकरीला लागल्यावर पाहिलेलं, आणि ताडी म्हणजे वाया गेलेल्या माणसाने प्यायची गोष्ट एवढंच ज्ञान घरून घेऊन आलेला. आमच्यात तिसरा दत्ता. हा मेंटेनन्सला फिटर, जोह्याचा, घरी गणपतीचा कारखाना. जीप चालू ठेवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि अण्णांची टिंगल करायचंही.

ह्या सहलींचे अण्णांनी नियम केले होते. निघाल्यापासून पहिल्या ग्लासापर्यंत तंबाखू, पान, कांदा काही नाही. जीभ कोरी पाहिजे. कंपनीचा विषय काढायचा नाही, काढला तर त्याने मागे स्टेपनीवर बसायचं. गाडी चालवणाऱ्याला एकच ग्लास. आणि सगळ्यात मोठा नियम असा की दुकानातली ताडी प्यायची नाही. ताडी झाडाखालीच प्यायची आणि मडकं उतरताना आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे. दुकान दिसलं की अण्णा तोंड फिरवायचे, जशी काही तिथे जुनी भांडणं आहेत.

पहाटे पहाटे आम्ही जित्याच्या अलीकडे रस्ता सोडून बांधाबांधाने ताडांच्या रांगेपाशी पोचायचो. तिथे पांडूतात्या नावाचे एक म्हातारे पायात दोरीचा फास अडकवून भराभर वर चढायचे. खाली अण्णा कमरेवर हात ठेवून, श्वास रोखून. तात्या उतरले, मडक्यातल्या फेसावरच्या मधमाश्या फुंकरीने उडवल्या, की अण्णांच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेला काचेचा ग्लास निघायचा. पहिला घोट घेऊन ते डोळे मिटायचे. मग भाष्य सुरू. "पहाटेची ताडी म्हणजे मुलगी. दहा वाजता सून. उन्हं डोक्यावर आली की सासू." आम्ही ते इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटचा शब्द दत्ताच म्हणून टाकायचा.

हे वाक्य एकदा अण्णांनी घरीही म्हटलं. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि सासरे? ते कितीला उतरतात?"

अण्णा गप्प झाले. तेव्हा मला वाटलं, बायकोने टोला हाणला म्हणून गप्प झाले. तसं नव्हतं, हे पुढे कळलं.

दुकानांशी असलेलं अण्णांचं वैर एकदा चांगलंच अंगाशी आलं. परतताना वडखळच्या पुढे रेडिएटर उकळला म्हणून आम्ही पाणी मागायला एका आडवाटेच्या ताडीच्या दुकानापाशी थांबलो. अण्णांनी जीप घाईघाईत सरळ दुकानाच्या भिंतीला नाक लावून उभी केली. दत्ता पाणी भरत होता. अण्णा तेवढ्यात आत गेले, एका गिऱ्हाइकासमोरचा ग्लास उचलला आणि वास घेतला.

मालक म्हणाला, "वास काय घेताव? प्याची त प्या."

"ह्यात झाड कुठाय?"

"म्हंजी?"

"झाड कुठाय ह्यात? ही गुंगीची पावडर हाय. पाणी, साखर आणि पावडर. मी कंपनीत रोज असल्या पावडरी बघतो. मला शिकवू नको." आणि त्यांनी ग्लास जमिनीवर ओतला.

मालकाची दोन माणसं उठली. आम्ही तिघे उड्या मारून जीपमध्ये बसलो, दत्ताने इंजिन चालू केलं आणि समोर भिंत. अण्णांची मागे न जाणारी जीप. मग आम्ही पुन्हा खाली उतरलो आणि तिला हातांनी मागे ढकलायला लागलो. मालकाची माणसं शिव्या देत येतायत, आम्ही ढकलतोय, आणि इतक्यात दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. त्यांना भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. गाडी अडकलीय म्हटल्यावर माणसाने हात लावायचा असतो एवढंच त्यांना कळत होतं. "हां, मारा जोर! आजून! आजून!" करत त्यांनी जीप रस्त्यावर आणली. ज्याची ताडी अण्णांनी ओतली होती तोही ढकलत होता. एवढंच नाही, तो मागे चढून बसला आणि पोयनाडपर्यंत आला. "बरा झाला, येष्टी नव्हतीच," म्हणाला आणि रामराम करून उतरला. दत्ता त्यानंतर महिनाभर हसत होता.

त्या दिवशी मी अण्णांना विचारलं की एवढा जीव धोक्यात घालायचं कारण काय? दत्ता टायर बघायला गेला होता, आम्ही दोघेच होतो. अण्णांनी सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या भाषणबाज आवाजात नव्हतं.

अण्णांचं घराणं माडी-ताडी काढणारं. आजोबा खाडीकाठच्या गावात झाडांवर चढायचे, वडीलही चढायचे. त्या पैशांवर अण्णा शिकले. वहिनी घाटावरच्या, त्यांच्या घरात दारू शिवायची नाही. तरी लग्न झालं, नीट चाललं. मग वहिनींचा धाकटा भाऊ वसंता. मुंबईत नोकरीला होता, तिथे दुकानातल्या ताडीच्या नादी लागला. नोकरी गेली तेव्हा वहिनी त्याला रोह्याला घेऊन आल्या. रोज संध्याकाळी कॉलनीच्या गेटातून तो आत यायचा आणि वहिनी गॅलरीत उभ्या राहून त्याची चाल बघायच्या. चालीवरून त्यांना कळायचं आज किती झालीय, जेवेल का, रात्री ओरडेल का. अण्णांनी खूप प्रयत्न केले. वसंता त्यांच्याच घरात गेला.

त्याचं तेरावं झालं त्या दिवशी वहिनी अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या घराण्यानं अशी किती घरं बुडवली असतील?"

तेव्हापासून वहिनी कॉलनीत कुणालाही सांगताना "आमच्या सासऱ्यांची नारळ-सुपारीची वाडी होती" असं सांगायच्या. झाडावर चढण्याचा उल्लेख घरात बंद झाला. आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरला नाही, पण त्याला हार घालणंही थांबलं.

मी म्हटलं, "मग अण्णा, तुम्ही सोडून का देत नाही? वहिनींना बरं वाटेल."

"सोडली तर तिचं म्हणणं खरं ठरतं," अण्णा म्हणाले. "आजोबा विष विकत होते असं होतं. ते विष नव्हतं रे. लोक न्याहारीला प्यायचे, बाळंतिणीला द्यायचे. एकदा, फक्त एकदा तिनं झाडाखाली यावं आणि चव घ्यावी. मग ती काय म्हणेल ते म्हणू दे."

वहिनींनी मात्र एक अट घातलेली. जायचं तर जा, पण ज्या रविवारी पाय वाकडा पडेल त्या दिवशी मी माहेरी जाईन आणि परत येणार नाही. वहिनी फुकाचं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणून दर रविवारी कॉलनीत एक खेळ व्हायचा. अण्णा जीप गेटाबाहेर उभी करायचे. गेटापासून त्यांच्या बिल्डिंगपर्यंत गटाराचा सिमेंटचा कठडा होता, वीतभर रुंद. त्यावर चढून, हात सैल सोडून, मान ताठ ठेवून अण्णा घरापर्यंत चालत जायचे. वर गॅलरीत वहिनी. अण्णा शेवटी टुणकन खाली उडी मारायचे आणि वर बघायचे. वहिनी आत जायच्या, आणि मग कुकरची शिट्टी ऐकू यायची. ते ऐकलं की आम्ही सुटलो असं म्हणायचो.

लोक हसायचे. प्रयोगशाळेचा प्रमुख, पन्नाशीचा माणूस, गटाराच्या कठड्यावर! अण्णांना त्याचं काही नव्हतं. एकदा आमचे जनरल मॅनेजर त्याच वेळी समोरून आले, तर अण्णांनी कठड्यावरूनच त्यांना नमस्कार केला आणि चालत राहिले. मलाही आधी हसू यायचं. कारण कळल्यावर मी त्या कठड्याकडे बघताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागलो.

थंडीत आम्ही दत्ताकडे जोह्याला पोपटी लावायला जायचो. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. अंगणात अर्धवट वाळलेले गणपती रांगेने बसलेले असायचे आणि त्यांच्यासमोर आम्ही शेंगा सोलत. दत्ताची आई पाटावर बसून अण्णांनी आणलेली ताडी चहाच्या कपातून प्यायची, अगदी सहज. एकदा तिने विचारलं, "अन्ना, तू बायकोला कनाला नाय आनीत?"

अण्णा शेंग सोलत राहिले. "ती नाय येत."

"का नाय येत? तिला सांग, मी पन पितंय म्हनून. माझी सासू पन पित होती. कना वायट झाला आमचा?"

"सांगीन," अण्णा म्हणाले.

दत्ताने तेवढ्यात विषय बदलला. तो एरवी कुणालाही सोडायचा नाही, पण ह्या बाबतीत त्याने अण्णांची कधी थट्टा केली नाही. मला दत्ता आवडायचा त्याचं हेही एक कारण.

आता तो दिवस सांगतो. शिमगा जवळ आला होता, उन्हं तापायला लागली होती. जित्याला तात्यांनी मडकं उतरवलं, अण्णांनी ग्लास भरून घेतला, आणि पहिला घोट घेऊन झाल्यावर तो त्यांच्या हातातून निसटून बांधावर पडला. फुटला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. भाष्य काहीच नाही. "मुलगी, सून, सासू" नाही. मग म्हणाले, "दत्ता, तू घे गाडी. मला झोप येते."

आम्हाला तर आनंदच झाला. इतक्या वर्षांत अण्णांना लागली! एका घोटात! "तात्या, आज काय घातलाव मडक्यान?" दत्ता ओरडला. तात्या वरूनच हसले, ते दुसऱ्या झाडावर चढले होते. गोल फेरी न मारता जवळच्या रस्त्याने परत निघालो, आणि रस्ताभर दत्ता आणि मी अण्णांना छळत होतो. वहिनी आज बॅग भरणार, अण्णा, तुम्ही आता दत्ताकडे गणपती रंगवायला या. अण्णा एका बाजूला कलून बसले होते आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. आम्हाला ते झिंगलेल्या माणसाचं बोलणं वाटलं.

गेटापाशी ते उतरले आणि सवयीने कठड्यावर चढले. तोवर गेटापाशी आणि खालच्या व्हरांड्यांत पाच-सात माणसं जमलीच होती. दोन पावलं गेली. तिसऱ्याला डावा पाय घसरून गटारात गेला. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या. अण्णा पुन्हा वर चढले, पुन्हा तोच पाय घसरला. कुणीतरी शिट्टी मारली. मी वर पाहिलं. वहिनी गॅलरीच्या कठड्यावर हात रोवून उभ्या होत्या, आणि मला खरोखर भीती वाटली की आता हे घर मोडणार.

मग गॅलरी रिकामी झाली. वहिनी जिन्यावरून खाली आल्या त्या धावतच, अनवाणी. हसणाऱ्यांना बाजूला सारून त्यांनी अण्णांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"अहो, हसून दाखवा मला."

अण्णांचं तोंड एका बाजूनेच हललं.

"वहिनी, एकच घोट घेतला हो त्यांनी," मी म्हणालो.

"ही ताडी नाहीये," वहिनी ओरडल्या. "प्यालेल्या माणसाचे दोन्ही पाय चुकतात. ह्यांचा एकच पाय चुकतोय. उभे काय राहिलात? कंपनीची ॲम्ब्युलन्स बोलवा!"

दत्ता धावला. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच अण्णांना उचललं. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, पण वेळेत आणलंत. घरी झोपवून ठेवलं असतं तर कठीण होतं. बाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. पायांना गटाराचा चिखल तसाच. मी चहा आणला तर म्हणाल्या, "सगळे हसत होते. मी पण एक क्षणभर रागावले होते हो." मग त्या रडायला लागल्या. मी आणि दत्ता दोन बाजूंना बसून राहिलो.

अण्णा वाचले. वाचा हळूहळू आली, हात बराचसा आला, डावा पाय मात्र तेवढा ओढतच राहिला. काठी आली. कंपनीने हलकं काम दिलं. रविवार सुने झाले. जीप गेटाबाहेर एका जागी उभी राहून तिच्यावर धूळ बसली, आणि अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही. मी त्या वाटेने जाणंच टाळायला लागलो होतो.

पुढच्या थंडीत एका शनिवारी वहिनींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. वाढता वाढता म्हणाल्या, "आता ह्यांची चाल कायमचीच वाकडी. वरून बघून मला काय कळणार?"

आम्ही खाली मान घालून जेवत होतो.

"तेव्हा उद्या मीच बरोबर येते. दत्ताभाऊ, गाडी चालू होईल का?"

अण्णांचा घास हातातच राहिला. दत्ता जेवण अर्धवट टाकून जीपकडे गेला.

त्या रविवारी वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, अण्णा मागे माझ्याजवळ. नियमाप्रमाणे वहिनींनी लवंगसुद्धा तोंडात टाकली नाही. अण्णांच्या मांडीवर नवा ग्लास रुमालात गुंडाळलेला होता आणि त्यांचा बरा हात त्यावर सतत फिरत होता. डॉक्टरांनी त्यांना थेंबभरही बंद केलेली. हा ग्लास त्यांच्यासाठी नव्हता.

तात्या वर चढले. वहिनी पदर डोक्यावर घेऊन, मान वर करून बघत होत्या. इतक्या उंचावर म्हातारा माणूस एका दोरीवर टेकून ताडाच्या फुलोऱ्याची पोय कापतोय, मडकं सोडवून कमरेला अडकवतोय, एकेक पाय चाचपत खाली येतोय. "पडतील हो," असं त्या दोनदा म्हणाल्या. तात्या खाली उतरल्यावरच त्यांनी श्वास सोडला.

अण्णांनी ग्लास पुढे केला. तात्यांनी ओतली. वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी अण्णांकडे पाहिलं. परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे ते काठीवर रेलून उभे होते. मला वाटलं, ही बाई आता ग्लास जमिनीवर ओतणार आणि अण्णा पुन्हा कधी उभे राहणार नाहीत.

वहिनींनी एक घोट घेतला. मग दुसरा.

"वसंताच्या तोंडाला हा वास कधीच यायचा नाही," त्या म्हणाल्या.

अण्णा तिथेच बांधावर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. झटक्यानंतर त्यांना रडणं आवरत नसे, पण हे ते नव्हतं. वहिनी त्यांच्याकडे गेल्या नाहीत. त्या तात्यांकडे वळल्या.

"तात्या, ह्यांचे आजोबा हेच काम करायचे. माझे सासरेपण. असेच चढायचे."

तात्यांनी दोरी खांद्यावर टाकली, अण्णांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. "मंग तुमी आमच्यातलीच हाव की."

"व्हय," वहिनी म्हणाल्या आणि रिकामा ग्लास पुन्हा पुढे केला.